लीडरविरहित सहमती अल्गोरिदमची रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वितरित संगणक प्रणालींवर काम करणारे अभियंते आणि या विषयाकडे नव्याने वळलेले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. वाचकाला राफ्ट किंवा पॅक्सोस या प्रचलित सहमती अल्गोरिदमांची तोंडओळख आहे, असे गृहीत धरले आहे.

सहमती म्हणजे नेमके काय?

अनेक नोडांनी, म्हणजे जाळ्यातल्या संगणकांनी, त्यांतले काही बंद पडले किंवा संदेश उशिरा पोहोचले तरी, एकाच मूल्यावर येऊन थांबणे म्हणजे सहमती. तिच्या तीन अटी आहेत. दोन नोडांचे निर्णय कधीही वेगळे असू नयेत. निर्णय झालेले मूल्य कोणीतरी खरोखर मांडलेले असावे. आणि जिवंत नोडांना कधी ना कधी निर्णय मिळावा. पहिल्या दोन अटींना सुरक्षितता म्हणतात आणि तिसरीला प्रगती. प्रत्यक्ष वापरात एकाच मूल्यावर काम भागत नाही. डेटाबेसच्या सर्व प्रतिकृतींनी आज्ञांच्या अखंड मालिकेवर सहमत व्हावे लागते, म्हणजे सगळ्या प्रती सारख्या राहतात.

लीडर असलेल्या पद्धती इतकी वर्षे उत्तम चालत असताना त्या बदलण्याची गरज काय?

अशा पद्धतींत लीडर हा एकच नोड सर्व आज्ञांचा क्रम ठरवतो. अनेक ठिकाणी त्या बदलण्याची गरज नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ती कोठे भासते, हे मात्र एका साध्या हिशेबाने दिसते.

समजा, एका सेवेच्या तीन प्रतिकृती मुंबई, सिंगापूर आणि फ्रँकफर्ट येथे आहेत, आणि लीडर फ्रँकफर्टला आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर असल्याने, जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद लागणारच. मुंबईतल्या ग्राहकाची विनंती फ्रँकफर्टला जाऊन परत येण्यात हे ६५ जातात, आणि मध्ये लीडरला बहुमतासाठी सर्वांत जवळच्या प्रतिकृतीचे, म्हणजे पुन्हा मुंबईचेच, उत्तर येईपर्यंत आणखी ६५ थांबावे लागते. एकूण १३०. हीच विनंती मुंबईच्या नोडने स्वतः हाती घेऊन फक्त सिंगापूरची संमती मिळवली, तर सुमारे ३,९०० किलोमीटर अंतराच्या हिशेबाने ३९ मिलिसेकंदांत काम होते. खऱ्या केबली वळणे घेत जातात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे मोठे असतात. पण कोणताही वेगवान सर्व्हर घेऊन ही तफावत भरून निघत नाही.

दुसरे कारण भाराचे आहे. प्रत्येक आज्ञा लीडरमधून जात असल्याने त्याचे नेटवर्क आणि प्रोसेसर आधी थकतात, आणि बाकीचे नोड तुलनेने मोकळे बसतात. तिसरे कारण बिघाडाचे. राफ्टच्या २०१४ सालच्या निबंधात निवडणुकीसाठी १५० ते ३०० मिलिसेकंदांमधील यादृच्छिक टाइमआउट, म्हणजे लीडरची वाट पाहण्याची मुदत, उदाहरणादाखल दिला आहे. खंडोखंडी पसरलेल्या प्रणालीत तो बराच वाढवावा लागतो, आणि तो उलटून नवा लीडर येईपर्यंत लेखनाचे सगळे काम थांबते. मेलेल्या लीडरपेक्षाही मंदावलेला लीडर अधिक त्रासाचा असतो. डिस्क कुरकुरत असते, पण हृदयस्पंदनाचे, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असे सांगणारे, संदेश वेळेवर जात असतात. अशा वेळी कोणताही टाइमआउट वाजत नाही, आणि संपूर्ण प्रणाली त्या एका आजारी यंत्राच्या गतीने चालत राहते.

लीडर काढून टाकला की त्याचे काम कोण करतो?

रचनाकाराने पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच आहे. लीडर चार कामे करतो. तो आज्ञांचा क्रम लावतो, प्रत्येक जागी कोणते मूल्य बसावे ते निवडतो, कोंडी झाली तर ती फोडतो, आणि कोणी मध्येच गेले तर अर्धवट राहिलेले काम निस्तरतो. लीडरविरहित रचनेत यांतले एकही काम नाहीसे होत नाही. क्रम बहुधा आज्ञांमधील अवलंबित्वाच्या नोंदींकडे किंवा टाइमस्टॅम्पकडे जातो, मूल्याची निवड कोरमकडे म्हणजे गणपूर्तीच्या नियमाकडे, कोंडी फोडणे यादृच्छिकतेकडे किंवा घड्याळाकडे, आणि निस्तरण्याचे काम ज्याच्या लक्षात येईल त्या प्रत्येकाकडे. नवीन प्रोटोकॉल वाचताना ही चार कामे कागदावर लिहून प्रत्येकासमोर जबाबदार भागाचे नाव भरावे. एखादी जागा रिकामी राहिली, तर चूक बहुतेक तेथेच दडलेली असते.

कोणत्या अल्गोरिदमला खऱ्या अर्थाने लीडरविरहित म्हणावे?

हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. २००८ साली आलेल्या मेन्शियसमध्ये लॉगच्या, म्हणजे आज्ञांच्या क्रमवार नोंदवहीच्या, जागा नोडांमध्ये पाळीपाळीने वाटलेल्या असतात. प्रत्येक जण आपापल्या जागेचा लीडर असतो. ईपॅक्सोसमध्ये, म्हणजे समतावादी पॅक्सोसमध्ये, आज्ञा ज्या नोडकडे येते तो त्या आज्ञेपुरता पुढाकार घेतो. बेन-ऑरच्या अल्गोरिदममध्ये कोणीच पुढाकार घेत नाही. सर्व नोड प्रत्येक फेरीत अगदी सारखे वागतात.

काटेकोर कसोटी हवी असेल तर रशीद गेराउई, व्हिन्सेंट ग्रामोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडलेली व्याख्या उपयोगी पडते. प्रत्येक फेरीत कोणत्याही एका नोडला तात्पुरते रोखून धरण्याची, आणि पुढच्या फेरीत दुसऱ्याच नोडला रोखण्याची मुभा एका काल्पनिक प्रतिस्पर्ध्याला द्यावी. तरीही अल्गोरिदम निर्णयापर्यंत पोहोचत असेल, तरच तो लीडरविरहित मानावा. पाळीपाळीने समन्वयक बदलणाऱ्या पद्धती येथे अडकतात, कारण ज्याची पाळी त्यालाच दर वेळी रोखता येते. ईपॅक्सोसचा मंद मार्गही, म्हणजे पहिल्या फेरीत उत्तरे जुळली नाहीत तर घ्यावा लागणारा मार्ग, एका नोडच्या पुढाकारावर चालत असल्याने या कसोटीवर पूर्णपणे उतरत नाही. माझ्या मते ही व्याख्या मंदावलेल्या लीडरचे दुखणे नेमके पकडते, आणि म्हणून ती केवळ तात्त्विक नाही. तथापि, व्यवहारात ईपॅक्सोसच्या कुळालाही लीडरविरहितच म्हटले जाते, आणि येथेही तो शब्द त्याच व्यापक अर्थाने घेतला आहे.

सहमतीसाठी लीडर लागतोच, असे सिद्ध झाले आहे ना?

हा गैरसमज दोन खऱ्या निष्कर्षांच्या मिश्रणातून तयार होतो. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली दाखवले की संदेशांच्या विलंबाला कोणतीही मर्यादा नसेल आणि एक जरी नोड बंद पडू शकत असेल, तर निश्चयात्मक, म्हणजे यादृच्छिकता न वापरणाऱ्या, अल्गोरिदमला सहमतीची हमी देता येत नाही. पुढे १९९६ साली तुषार चंद्रा, व्हॅसोस हॅझिलाकोस आणि सॅम टूएग यांनी हे सिद्ध केले की, बहुसंख्य नोड शाबूत असताना सहमतीसाठी बिघाडांविषयीची जी किमान माहिती लागते, ती ‘अखेरीस सर्व जण एकाच शाबूत नोडवर विश्वास ठेवू लागतील’ एवढ्या माहितीच्या तोडीची असते. या माहितीला ओमेगा म्हणतात, आणि ती लीडरच्या निवडणुकीसारखीच दिसते.

परंतु ओमेगा ही माहितीची पातळी आहे, संदेशांचा मार्ग नव्हे. प्रणालीच्या वर्तनातून असा एक नोड शोधून काढता येतो, एवढेच प्रमेय सांगते; सर्व आज्ञा त्या नोडमधूनच गेल्या पाहिजेत, असे ते सांगत नाही. शिवाय यादृच्छिकता वापरली की दोन्ही निष्कर्षांची ‘निश्चयात्मक’ ही अटच सुटते. नेटवर्क अखेरीस वेळेवर वागू लागेल असे गृहीत धरले, तरी १९८५ च्या अशक्यतेतून वाट निघते. ड्वॉर्क, लिंच आणि स्टॉकमायर यांनी १९८८ साली हीच वाट घालून दिली.

बेन-ऑरचा अल्गोरिदम कसा चालतो?

मायकेल बेन-ऑर यांनी तो १९८३ साली मांडला, आणि या विषयात शिरण्यासाठी त्याहून चांगले दार मला ठाऊक नाही. पाच नोड आहेत, त्यांतले दोन बंद पडू शकतात, आणि निर्णय शून्य किंवा एक यांपैकी एकावर घ्यायचा आहे, असे समजू.

प्रत्येक फेरीत दोन पावले असतात. पहिल्या पावलात प्रत्येक नोड आपले मूल्य सर्वांना पाठवतो आणि तीन उत्तरे येईपर्यंत थांबतो. तीनहून अधिकांसाठी थांबणे धोक्याचे, कारण दोघे कदाचित उरलेलेच नसतील. तिन्ही उत्तरे सारखी असली तर ते मूल्य दुसऱ्या पावलात प्रस्ताव म्हणून पाठवायचे, नसली तर ‘ठरले नाही’ असे कळवायचे. पुन्हा तीन संदेशांची वाट पाहायची. तिन्हींमध्ये एकाच मूल्याचा प्रस्ताव असेल तर तो निर्णय. निदान एकात प्रस्ताव असेल तर ते मूल्य घेऊन पुढच्या फेरीत जायचे. एकातही नसेल तर नाणे उडवायचे.

एकाच फेरीत दोन वेगवेगळे प्रस्ताव येऊ शकत नाहीत, कारण प्रत्येकामागे पाचांपैकी तीन मते लागतात आणि तिघांचे कोणतेही दोन गट निदान एका नोडवर एकमेकांना छेदतात. एखाद्याने निर्णय घेतला असेल, तर तीन जणांनी तो प्रस्ताव पाठवला होता. त्यामुळे तीन संदेश ऐकणाऱ्या इतर कोणाच्याही कानावर त्यांतला निदान एक पडतोच, आणि पुढच्या फेरीत सर्व जण त्याच मूल्याने सुरुवात करतात. येथे टाइमआउट नाही, निवडणूक नाही, कोणावर संशयही घ्यावा लागत नाही.

मग हाच अल्गोरिदम सगळीकडे का वापरला जात नाही?

नाण्यामुळे. प्रत्येक जण आपापले नाणे उडवतो, आणि संदेशांचा क्रम प्रतिकूल असेल तर जवळजवळ सगळी नाणी एकाच बाजूला पडेपर्यंत फेऱ्या चालू राहतात. पाच नोडांची सर्व नाणी जुळण्याची शक्यता सोळातून एक आहे, आणि एकवीस नोडांत ती दहा लाखांतून एकाहूनही कमी होते. यावरचा उपाय म्हणजे सर्वांना एकच फळ दाखवणारे सामाईक नाणे. त्याची कल्पना मायकेल रॅबिन यांनी १९८३ सालीच मांडली, आणि आज ते बहुधा सामाईक स्वाक्षरीच्या गूढलेखनातून तयार करतात, जेणेकरून पुरेसे नोड एकत्र येईपर्यंत त्याचे फळ कोणालाच कळू नये. त्याने अपेक्षित फेऱ्यांची संख्या नोडांच्या संख्येवर अवलंबून राहत नाही.

ईपॅक्सोसमध्ये लीडरशिवाय क्रम कसा लागतो?

इउलियान मोरारू, डेव्हिड अँडरसन आणि मायकेल कॅमिन्स्की यांनी २०१३ साली मांडलेल्या या प्रोटोकॉलचे मर्म असे की, सर्व आज्ञांना एकाच रांगेत उभे करण्याची गरजच नसते. दोन ग्राहक दोन वेगळ्या नोंदी बदलत असतील, तर त्या कोणत्याही क्रमाने बदलल्या तरी परिणाम सारखाच. क्रम हवा तो एकाच नोंदीला हात घालणाऱ्या आज्ञांमध्ये.

म्हणून आज्ञा स्वीकारणारा नोड तिच्यासोबत, ‘हिच्या आड येणाऱ्या या या आज्ञा मला ठाऊक आहेत’ अशी अवलंबित्वाची यादी पाठवतो. इतर नोड आपल्याला ठाऊक असलेल्या आज्ञा त्या यादीत घालून उत्तर देतात. सर्व उत्तरे जुळली तर एकाच फेरीत आज्ञा पक्की होते. हा झटपट मार्ग. जुळली नाहीत तर याद्यांची बेरीज करून साध्या बहुमताने आणखी एक फेरी घ्यावी लागते. सहमती येथे आज्ञेच्या जागेवर होत नसून तिच्या यादीवर होते. पुढे प्रत्येक नोड या याद्यांचा आलेख तयार करतो, त्यात चक्रे आढळली तर क्रमांकाच्या ठरलेल्या नियमाने ती सोडवतो, आणि सर्व नोड एकमेकांना न विचारता त्याच क्रमावर पोहोचतात.

झटपट मार्गाला तीन नोडांत दोघांची, पाचांत तिघांची आणि सातांत पाच जणांची साथ लागते. ही संख्या पुढाकार घेणाऱ्यालाही धरून आहे. तीन आणि पाच या संख्यांना झटपट मार्गासाठी साध्या बहुमतापेक्षा अधिक काही मोजावे लागत नाही, आणि म्हणून या प्रोटोकॉलचे सौंदर्य तेथेच सर्वांत जास्त दिसते.

सर्वांत अवघड भाग कोणता?

रिकव्हरी, म्हणजे मध्येच गेलेल्या नोडचे काम पूर्ण करणे. झटपट मार्ग दुपारभरात समजतो. रिकव्हरी नीट समजायला मला कित्येक आठवडे आणि बरेच कागद लागले.

पाच नोडांना क, ख, ग, घ आणि च म्हणू. क ने आज्ञा घेतली, ख आणि ग यांच्या याद्या जुळल्या, क ने ग्राहकाला ‘झाले’ असे कळवले, आणि इतरांना सांगण्यापूर्वीच क आणि ख दोघेही बंद पडले. उरलेल्या तिघांपैकी केवळ ग कडे या आज्ञेची नोंद आहे. आता घ ने काम हाती घेतले, तर त्याच्यासमोर एका नोंदीतून निघणारे दोन इतिहास असतात. एकात आज्ञा पक्की होऊन ग्राहकापर्यंत पोहोचली आहे. दुसऱ्यात ख पर्यंत ती गेलीच नव्हती आणि काहीच पक्के झालेले नाही. घ ला दोन्हींतला फरक दिसत नाही, तरी त्याने असा निर्णय घ्यायचा असतो की पहिला इतिहास खरा असल्यास यादी तसूभरही बदलू नये. म्हणून तो उरलेल्यांकडे पुरावा शोधतो. ग च्या नोंदीतल्या यादीत नसलेली, आणि स्वतःच्या यादीतही या आज्ञेला न धरणारी, अशी एखादी आड येणारी आज्ञा पक्की झालेली आढळली, तर पहिला इतिहास घडणे अशक्य होते आणि घ मोकळा होतो. तसा पुरावा नसेल तर ग ची यादी जपूनच पुढे जावे लागते.

या भागातली चूक किती खोल दडू शकते, हे पिएर सुत्रा यांनी २०२० साली दाखवले. पॅक्सोसमध्ये प्रत्येक नोडने दोन आकडे वेगळे जपावे लागतात: आपण अलीकडे कोणत्या मतदानफेरीत सामील झालो, आणि शेवटचे मत प्रत्यक्षात कोणत्या फेरीत दिले. ईपॅक्सोसने दोन्हींसाठी एकच आकडा वापरला होता. त्यामुळे रिकव्हरीत केवळ सामील झालेल्या नोडचे जुने मत नवे असल्यासारखे दिसू शकते, आणि दोन नोड एकाच आज्ञेच्या वेगवेगळ्या याद्या पक्क्या करू शकतात. टीएलए प्लस या विवरणभाषेतील औपचारिक विवरण आणि चालता प्रोग्रॅम दोन्ही उपलब्ध असूनही ही चूक जवळजवळ सात वर्षे कोणाच्या नजरेस आली नव्हती. मूळ संशोधकांचे काम यामुळे उणे ठरत नाही. स्वतःचा प्रोटोकॉल रचणाऱ्याने मात्र आपल्या वेळापत्रकातील अर्ध्याहून अधिक वेळ रिकव्हरीसाठीच राखून ठेवावा.

आज्ञा पक्की झाली म्हणजे ती लगेच अमलात येते का?

नाही. आज्ञा पक्की झाली तरी तिच्या यादीतल्या आज्ञा पक्क्या होईपर्यंत थांबावे लागते, आणि त्यांच्या यादीत आणखी आज्ञा असतात. एखाद्या लोकप्रिय नोंदीवर सतत लेखन चालू असेल तर ही साखळी वाढतच जाते. सरासरी विलंब छान दिसतो आणि शंभरांतल्या शेवटच्या एका विनंतीचा विलंब बिघडतो. २०२१ साली ईपॅक्सोसची फेरतपासणी झाली तेव्हा नेमके हेच पुढे आले, आणि त्याच संशोधकांनी सुचवले की नोडांची घड्याळे जुळवून प्रत्येक आज्ञा सर्व ठिकाणी साधारण एकाच ठरलेल्या क्षणी विचारात घ्यावी, म्हणजे याद्या जुळण्याची शक्यता वाढते. येथे घड्याळ चुकले तर फक्त वेग कमी होतो, अचूकतेला धक्का लागत नाही. घड्याळाचा असा वापर मला योग्य वाटतो. त्याच वर्षीच्या टेंपो या प्रोटोकॉलने याद्यांऐवजी टाइमस्टॅम्पवर सहमती घेऊन साखळीचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला.

कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये लीडर नसतो. मग तेथे सहमती असतेच ना?

नेहमीचे वाचन-लेखन म्हणजे लीडरविरहित प्रतिकृतीकरण. ती सहमती नव्हे. वाचनाचा आणि लेखनाचा कोरम एकमेकांना छेदत असले, तरी एकाच वेळी आलेल्या दोन लेखनांपैकी कोणते आधी यावर कोणी सहमत झालेले नसते. नंतरचा टाइमस्टॅम्प असलेले लेखन टिकते आणि दुसरे गुपचूप पुसले जाते. ‘हे नाव कोणी घेतले नसेल तरच मला द्या’ अशा सशर्त लेखनासाठी कॅसँड्राला २०१३ पासून पॅक्सोसचा आधार घ्यावा लागला, तो याच कारणाने.

नोड दगा देत असतील, म्हणजे मुद्दाम चुकीचे वागत असतील, तर?

तेव्हा लीडर नसण्याचा फायदा अधिकच ठळक होतो. एक नोड दगा देऊ शकत असेल तर एकूण किमान चार नोड लागतात, दोन देऊ शकत असतील तर सात. १९९९ सालच्या पीबीएफटी या लीडर असलेल्या प्रोटोकॉलमध्ये दगाबाज लीडर टाइमआउटच्या जरासे आत राहून सर्वांना संथ करू शकतो, किंवा एखाद्या ग्राहकाच्या विनंत्या मागे ढकलू शकतो.

२०१६ सालच्या हनीबॅजरबीएफटी या लीडरविरहित प्रोटोकॉलने याला दिलेले उत्तर मला फार आवडते. प्रत्येक नोड आपल्याकडच्या विनंत्यांचा गठ्ठा सर्वांपर्यंत खात्रीशीरपणे पोहोचवतो. मग प्रत्येक गठ्ठ्यासाठी ‘हा घ्यावा की नाही’ अशी वेगळी होय-नाहीची सहमती समांतर चालते, आणि तिच्या आत सामाईक नाण्याचा उपयोग होतो. पुरेसे गठ्ठे स्वीकारले गेले की उरलेल्यांना नकार नोंदवून फेरी संपवतात. गठ्ठे आधी कूटबद्ध केलेले असतात आणि निवड झाल्यावरच उघडतात, त्यामुळे आत कोणाची विनंती आहे हे पाहून ती वगळणे शक्य होत नाही. टाइमआउट कोठेच नाही. याची किंमत संदेशांच्या संख्येत मोजावी लागते. नोड वाढले की ती झपाट्याने चढते.

लीडरविरहित पद्धत कधी निवडू नये?

तीन किंवा पाच नोड एकाच डेटा सेंटरमध्ये असतील, आणि एका लीडरला भार झेपत असेल, तर राफ्ट वापरावा. तेथे फेरी एका मिलिसेकंदाच्या आत होते, त्यामुळे वाचणारा वेळ नगण्य असतो आणि रिकव्हरीची गुंतागुंत मात्र पूर्ण पदरी पडते. बहुतेक लेखने एकाच नोंदीवर होत असतील, उदाहरणार्थ एखादा सामाईक गणक, तरीही ही पद्धत टाळावी, कारण झटपट मार्ग क्वचितच मिळेल. लॉग वाचून चूक शोधण्याची सवय असलेल्या चमूलाही विचार करावा लागेल: येथे सरळ रेषेतला लॉग नसतो, आलेख असतो.

रचना झाल्यावर ती तपासावी कशी?

प्रथम प्रोटोकॉल टीएलए प्लससारख्या भाषेत लिहून तीन आणि पाच नोडांसाठी मॉडेल चेकरने, म्हणजे सर्व शक्य अवस्था धुंडाळणाऱ्या साधनाने, तपासावा, आणि त्यात रिकव्हरीची रिकव्हरी, म्हणजे निस्तरणारा नोडही मध्येच जाणे, अवश्य घालावी. वर सांगितलेली मतदानफेरीच्या आकड्याची चूक अशाच प्रसंगांत वर येते. त्यानंतर खरा प्रोग्रॅम अशा सिम्युलेटरमध्ये चालवावा, जेथे घड्याळ, नेटवर्क आणि यादृच्छिक आकडे सर्व एका बीजावरून ठरतात, म्हणजे सापडलेली चूक पुन्हा हुबेहूब घडवता येते. संदेश गाळणे आणि नोड मारणे यावर न थांबता एकेका नोडला काही क्षण गोठवून पुन्हा सोडावे, आणि हे प्रत्येक फेरीत वेगळ्या नोडबाबत करावे. एखाद्या नोडला गोठवल्यावर सर्वांचाच विलंब वाढत असेल, तर त्या क्षणी तो नोड चारपैकी कोणते काम एकट्याने करत होता ते शोधावे.